प्रकारसंकर आणि श्रेयाचा प्रश्न

एखाद्या कलाकृतीत अनेक प्रकारांची सरमिसळ झाली की समीक्षा तिला बहुधा एकच प्रश्न विचारते : मूळ प्रकाराचे शुद्धत्व टिकले काय? हर्बी हॅनकॉक यांच्या हेडहंटर्स या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका ‘हेड हंटर्स’ (१९७३) हिलाही तो विचारला गेला. जाझमधील उत्स्फूर्त विस्तार, फंकचा आवर्ती ठेका आणि सिंथेसायझरचा यंत्रस्वर यांच्या मिश्रणात काहींना केवळ बाजाराशी केलेली तडजोड दिसली. परंतु जाझ हा जन्मतःच संकरित असल्याने हा प्रश्न गैरलागू ठरतो. संकरातील कोणत्या घटकाला नाव मिळते आणि कोणता अनाम राहतो, हा खरा प्रश्न होय.

‘वॉटरमेलन मॅन’ ही रचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. तिचे १९६२ चे मूळ रूप शिकागोच्या गल्ल्यांतून कलिंगडे विकणाऱ्या गाडीवाल्याच्या स्मृतीतून सिद्ध झाले. दगडी रस्त्यावर खडखडणारी चाके ठेक्यात, तर त्याला हाका मारणाऱ्या बायकांचे स्वर चालीत उतरले. १९७३ च्या रूपाचा आरंभ मात्र तालवादक बिल समर्स यांच्या फुंकरीने होतो. बिअरच्या बाटलीत फुंकून ते मध्य आफ्रिकेतील बा-बेन्झेले लोकांच्या ‘हिंदेव्हू’ या वादनाचे अनुकरण करतात. एकाच स्वराची शिट्टी आणि वादकाचा कंठस्वर यांची आलटूनपालटून गुंफण हे त्याचे लक्षण. सिम्हा आरोम आणि जेनव्हिएव्ह तोरेल यांनी केलेले बा-बेन्झेले संगीताचे ध्वनिमुद्रण १९६६ साली प्रकाशित झाले होते.

ही फुंकर निव्वळ अलंकरण नव्हे. एकाने सोडलेली जागा दुसऱ्याने भरावी, या तिच्या तत्त्वानेच पॉल जॅक्सन यांचा बास आणि अन्य वाद्ये क्रमाक्रमाने रचनेत येतात. म्हणजे येथे बा-बेन्झेले परंपरा घाटाच्या पातळीवर कार्य करते. तरीही तिला श्रेय नाही. स्लाय स्टोन यांना ‘स्लाय’ या शीर्षकातून मान मिळतो, गाडीवालाही शीर्षकात उरतो. ज्यांचा श्वास घेतला ते तेवढे अनाम राहतात.

पुढे १९९४ साली मॅडोना यांच्या ‘सँक्च्युअरी’ या गीतात याच रचनेचा अंश वापरला गेला. तेथे श्रेय हॅनकॉक यांना मिळाले, बा-बेन्झेलेंना नव्हे. स्टीव्हन फेल्ड यांनी १९९६ साली या व्यवहाराची चिकित्सा केली. हॅनकॉक यांनी त्यांच्याशी बोलताना या देवघेवीकडे बंधुत्वाच्या नात्याने पाहिले. गुलामगिरीने तोडलेले नाते पुन्हा जोडू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताचा हा दावा सहज फेटाळता येत नाही. मात्र स्वामित्वहक्काच्या कायद्याला बंधुत्व ठाऊक नसते; तो नोंदलेले नावच ओळखतो.

आपल्या समीक्षेनेही यावरून स्वतःकडे पाहावे. भारूड, गोंधळ, दशावतार यांतून आलेला घाट आपण ‘लोकतत्त्व’ या एका शब्दात नोंदवतो आणि लेखकाच्या प्रयोगशीलतेचा गौरव करतो. त्या ‘लोक’मधील माणसे कोण, हे विचारल्यावाचून प्रकारसंकराची मीमांसा पूर्ण होत नाही.