कथेवांचून चित्र

चित्रापुढें उभे राहिलों कीं ‘हा प्रसंग कोणता?’ असें विचारण्याची आपणां बहुतेकांस संवय आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला आणि शकुंतला, लक्ष्मी, सरस्वती घरोघरच्या भिंतींवर येऊन बसल्या. चित्राची गोडी आपणांस अशी पुराणकथेचें बोट धरून लागली. त्यांत वावगें कांहीं नाहीं. फ्रान्समध्येंही सतराव्या शतकांत फेलिबियाँ या पंडितानें इतिहास-पुराणाच्या चित्रास सर्वांत वरचें आसन दिलें होतें आणि फळाफुलांच्या चित्रास अगदीं पायरीवर बसविलें होतें. त्यामुळें केवळ पानाफुलांचें चित्र समोर आलें तर आपण ‘हुबेहूब आहे हो!’ एवढें म्हणून पुढें सरकतों.

परंतु हुबेहूब म्हणजे काय?

आल्ब्रेख्त ड्यूरर यानें १५०३ सालीं गवताचा एक तुकडा जलरंगांत काढला. तो आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयांत आहे; उंची जेमतेम ४१ सेंटिमीटर. चित्रकारानें आपला डोळा जणूं जमिनीस टेकविला आहे. गवताचीं पातीं एकमेकांवर रेलतात, डँडेलियनचीं फुलें मिटलेलीं आहेत, खालीं ओल्या मातींत मुळें दिसतात, आणि मागें कोरा कागद. येथें शोभेसाठीं एकही काडी उचलून दुसरीकडे ठेवल्याचा भास होत नाहीं. जें आहे तें एका क्षणाचें आहे.

डच पुष्पचित्रांची गोष्ट निराळी. त्यांत वसंतांतलें ट्युलिप आणि उन्हाळ्यांतला गुलाब एकाच फुलदाणींत नांदतात. असा गुच्छ त्या काळीं कोणत्याही बागेंत कोणास खुडावयास मिळाला नसेल. यान व्हान हाउसम तर एकेका फुलासाठीं वाट पाहत बसे. पिवळा गुलाब न मिळाल्यानें चित्र पुरें झालें नाहीं, असें त्यानें १७४२ सालीं कळविलें होतें. या चिकाटीपुढें मी हात जोडतों. परंतु तीं चित्रें पाहतांना मला लग्नांतल्या रुखवताची आठवण होते. सारें कसें मांडून ठेवलेलें, यजमानाचें वैभव दिसावें म्हणून!

आतां मौज अशी, कीं ऋतूंची हीच सरमिसळ वनस्पतिशास्त्राचा चित्रकारही करतो. कळी, फूल, फळ आणि बीं हीं झाडावर एका वेळीं येवोत न येवोत, त्यास तीं एकाच कागदावर दाखवावीं लागतात. एक पान सरळ, एक उलटें, कारण पाठीमागच्या शिराही दिसल्या पाहिजेत. त्याचें चित्र एका रोपट्याचें नसतें, एका जातीचें असतें. डच चित्रकार ऋतु जोडतो तो थाटासाठीं, हा जोडतो तो ओळख पटावी म्हणून. मग यांत कला कोठें राहिली? माझ्या मतें ती देठाच्या एका वळणांत राहते. त्या वळणाविषयीं शास्त्राची कांहीं आज्ञा नसते. तें चित्रकारानें स्वतः पाहिलेलें असावें लागतें.

अशीं चित्रें आपल्या पुण्याजवळही निपजलीं. दापोडीस सरकारी वनस्पतिबाग होती. तिचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनीं १८४७ ते १८५० या काळांत एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून दीडशेंहून अधिक चित्रें करवून घेतलीं. तीं एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानांत आहेत, आणि २००२ सालीं हेन्री नोल्टी यांनीं त्यांवर ग्रंथही लिहिला. चित्रकाराचें नांव मात्र नोंदलेलें नाहीं. जहांगीर बादशहानें काश्मीरच्या फुलांविषयीं लिहितांना उस्ताद मन्सूरचें नांव ‘नादिर-उल्-अस्र’ या किताबासह घातलें, आणि त्यानें शंभरांवर फुलें काढलीं हेंही टिपून ठेविलें. दोन शतकांनंतरच्या साहेबांस तेवढीही आठवण राहिली नाहीं. दापोडीचीं झाडें त्यांच्या लॅटिन नांवांनीं जगभर ओळखलीं जातात, आणि तीं ज्यानें डोळे ताणून पाहिलीं तो अद्याप ‘एक चित्रकार’ एवढाच आहे.