वादनिबंधातील पूर्वपक्ष

मराठीत 'निबंध' या शब्दाला दोन वंश आहेत. पहिला धर्मशास्त्रातला. कमलाकर भट्टाचा 'निर्णयसिंधु' (१६१२) ज्या वर्गात मोडतो, त्या ग्रंथांना निबंधग्रंथ म्हणत. परस्परविरोधी वचने समोरासमोर मांडावयाची, त्यांतील विरोध खरा की भासमान हे पाहावयाचे आणि मग निर्णयास यावयाचे, हे त्या ग्रंथांचे काम होते. दुसरा वंश इंग्रजी शिक्षणाबरोबर आला आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने (१८७४) त्याला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील निबंध स्वतःला या दुसऱ्या वंशाचा समजतो. त्याच्याकडून अपेक्षा मात्र पहिल्या वंशाची केली जाते. एखादे विधान देऊन त्यावर साधकबाधक चर्चा करावयास सांगितली म्हणजे परीक्षकाला निर्णय हवा असतो आणि तो कोणत्या वाटेने झाला हेही पाहावयाचे असते. विद्यार्थी त्याला शैली देतो.

ही शैली परिचयाची आहे. आरंभी एक सुभाषित, मग 'आजच्या विज्ञानयुगात' अशी काहीतरी कमान, नंतर स्वपक्षाची चार-पाच कारणे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात 'काही लोक असेही म्हणतात की' एवढे एक वाक्य आणि अखेरीस 'दोन्ही बाजूंचा समन्वय साधला पाहिजे' असा सुवर्णमध्य. यात भाषेचा दोष असेलच असे नाही. पुष्कळदा भाषा चांगली असते. दोष आहे तो त्या 'काही लोकां'त. ते कोण, ते नेमके काय म्हणतात आणि का म्हणतात, याचा पत्ता निबंधात कोठेही लागत नाही. ज्याच्याशी वाद घालावयाचा तोच अनुपस्थित असल्यामुळे वाद होतच नाही, आणि समन्वय कशाचा कशाशी झाला हेही कळत नाही.

मीमांसकांचे अधिकरण विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती अशा पाच अंगांचे मानले जाते. यांत संशयाला दिलेले स्थान लक्षणीय आहे. विषय आणि सिद्धान्त यांच्यामध्ये प्रथम संशय उभा राहिला पाहिजे, नाहीतर विचाराला प्रयोजनच उरत नाही. विद्यार्थ्याच्या मनात विधान वाचताक्षणी पक्ष तयार होतो आणि संशयाची पायरी चुकते. न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असा जो भेद केला आहे, तोही येथे उपयोगी पडतो. तत्त्वनिर्णयासाठी चालते ती वाद. छल-जातींचा आश्रय करून जयासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्ष खोडीत बसणे ही वितंडा. परीक्षेतील दुबळा निबंध बहुधा या तिन्हींच्या अलीकडेच थांबतो. जल्पालाही प्रतिपक्ष लागतो.

चिपळूणकरांचे अनुकरण येथे किती घातक ठरते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांच्या वाक्यरचनेचा डौल, उपहासाची धार आणि लांब वाक्य शेवटपर्यंत तोलून धरण्याची शक्ती वादातीत आहे. परंतु महात्मा फुले यांच्या लेखनाचा परामर्श त्यांनी घेतला तेव्हा त्यांच्या उपहासाचा मोठा भाग फुल्यांच्या व्याकरणावर आणि शुद्धलेखनावर खर्च झाला. 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथाचा मूळ दावा सामाजिक सत्तेविषयी होता. त्याला विभक्तिप्रत्ययांच्या चुका दाखवून उत्तर मिळत नाही. न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांपैकी 'अर्थान्तर' म्हणजे प्रस्तुत विषय सोडून असंबद्ध गोष्टीकडे वळणे. वात्स्यायनाने भाष्यात याचे जे उदाहरण दिले आहे ते मोठे मार्मिक आहे: शब्दाच्या नित्यत्वाविषयी हेतू मांडता मांडता वादी 'हेतु' या पदाची व्युत्पत्ती, त्याचा धातू आणि प्रत्यय सांगू लागतो. व्याकरणाकडे वळणे हाच पराभवाचा नमुना म्हणून भाष्यकाराने निवडावा आणि मराठीतील सर्वांत गाजलेल्या निबंधकाराने नेमके तेच करावे, हा योगायोग विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावा असा आहे. 'गुलामगिरी'ची रचनाही संवादाची आहे. त्यातील धोंडिबा प्रश्न आणि शंका विचारतो, पण तो फार लवकर पटवून घेतो. पूर्वपक्ष म्हणून तो दुबळाच.

त्याच काळातला याहून चांगला नमुना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या निबंधात सापडतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर अर्भकहत्येचा खटला होऊन १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली, आणि या प्रकरणावरून वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी झोड उठली तिला हे उत्तर होते. ताराबाईंचा संताप कोठेही लपत नाही. परंतु रचना पाहावी. साहस, कपट, अविश्वास असे जे दोष परंपरेने स्त्रियांवर लादले, ते त्या एकेक करून पुढे घेतात. तो दोष स्त्रियांत असेल असे क्षणभर गृहीत धरतात आणि मग तो पुरुषांत कमी आहे काय, असे विचारतात. शास्त्राच्या परिभाषेत याला अभ्युपगम म्हणता येईल. पूर्वपक्षाची यादीच येथे निबंधाचा सांगाडा झाली आहे, आणि त्यामुळे रागालाही दिशा मिळाली आहे. प्रतिपक्षाला पूर्ण जागा देणे म्हणजे मवाळपणा, हा समज या एका निबंधाने दूर व्हावा. हा निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला होता, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणला.

आता परीक्षेत सहज येऊ शकेल असे एक विधान घेऊन योजनेचा विचार करावा: 'सामाजिक सुधारणा कायद्याने होत नसते.' मराठी विद्यार्थ्याला यासाठी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याइतके समृद्ध उदाहरण दुसरे नाही. त्या वर्षी जानेवारीत सर अँड्रयू स्कोबल यांनी विधेयक मांडले, मार्चमध्ये ते संमत झाले, आणि मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. विवाहितेच्या बाबतीत पतीलाही ती मर्यादा लागू होती. साधारण उत्तरपत्रिकेत या प्रकरणाचे चित्र असे असते: आगरकर सुधारणावादी, टिळक सनातनी, आगरकरांचे बरोबर होते, म्हणून कायदा आवश्यक. टिळक बालविवाहाचे पुरस्कर्ते होते असे एकदा मानले की पुढे युक्तिवादाची गरजच पडत नाही.

परंतु टिळकांचा पक्ष तो नव्हता. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांपुढे स्वेच्छेने पाळावयाच्या निर्बंधांची एक यादी ठेवली होती. मुलीचे लग्न सोळा वर्षांपूर्वी आणि मुलाचे वीस वर्षांपूर्वी करू नये, चाळिशी उलटलेल्या पुरुषाने लग्न करावयाचे तर विधवेशी करावे, हुंडा बंद व्हावा, विधवांचे केशवपन होऊ नये, अशी ती कलमे होती. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी प्रथम स्वतःला बांधून घ्यावे, परक्या सरकारच्या कायदेमंडळाकडे धाव घेऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे खरा पूर्वपक्ष दुहेरी आहे. एक, लोकांना उत्तरदायी नसलेल्या सत्तेला समाजाच्या आचारात हात घालण्याचा अधिकार नाही. दोन, बारा वर्षांची मर्यादा गर्भाधानाच्या धार्मिक विधीच्या आड येते. टिळकांच्या अनुयायानेही 'होय, हेच आमचे म्हणणे' असे म्हणावे, इतक्या नेटकेपणाने हे दोन वाक्यांत लिहिता आले, म्हणजे निबंधाच्या योजनेचे निम्मे काम झाले.

यानंतर उत्तरपक्ष कोणत्या बाजूला काय उत्तर देतो, हे वेगवेगळे पाहावे लागते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८९१ मध्ये धर्मशास्त्रातील आधार तपासून विवाह व गर्भाधान यांच्या वयाविषयी जे विवेचन केले, ते दुसऱ्या बाजूला उत्तर आहे. प्रतिपक्षाला मान्य असलेल्या प्रमाणावरच उभे राहून त्याला उत्तर देण्याचा तो उत्तम नमुना होय. परंतु परकीय सत्तेच्या अधिकाराच्या प्रश्नाला भांडारकरांच्या वचनसंग्रहाने उत्तर मिळत नाही, आणि येथेच बहुतेक विद्यार्थी अडखळतात. एका बाजूचे उत्तर दुसऱ्या बाजूला चिकटवून मोकळे होतात. अधिकाराच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर १८६० च्या दंडसंहितेकडे जावे लागते. तिच्यात दहा वर्षांची मर्यादा आधीच होती. तीस वर्षे ती चालू होती आणि तिच्याविरुद्ध असा गदारोळ उठला नव्हता. तेव्हा राज्यसंस्थेने या क्षेत्रात मुळीच येऊ नये, हे म्हणणे १८९१ मध्ये टिकण्यासारखे नव्हते. वाद उरला होता तो रेषा कोठे ओढावयाची एवढाच. यावर पूर्वपक्ष म्हणेल की दहाची रेषा विधीच्या आड येत नव्हती, बाराची येते. बरोबर, आणि आता भांडारकरांची जागा येते. अधिकाराचा प्रश्न आधी आणि शास्त्रवचनाचा नंतर, हा क्रम विषयाच्या अंगातून निघाला आहे, लेखकाच्या लहरीतून नव्हे.

राहता राहिले स्वेच्छेचे प्रतिज्ञापत्र. पूर्वपक्षाचे सर्वांत सुंदर अंग हेच आहे, कारण त्यात नैतिक आव्हान आहे. त्याला उत्तर एकच संभवते: प्रतिज्ञापत्र स्वाक्षरी करणाऱ्यालाच बांधते. ज्या घरातील पुरुष स्वाक्षरी करणार नाही, त्या घरातील अकरा वर्षांच्या मुलीला त्याचा काय उपयोग? जिची इच्छा कोणी विचारलीच नाही, तिच्या बाबतीत 'स्वेच्छा' हा शब्द कोणाच्या इच्छेविषयी बोलतो? संपूर्ण निबंधाची मोट या प्रश्नावर बांधता येते.

तथापि प्रामाणिक विद्यार्थ्याला येथे थांबता येणार नाही. प्रतिकूल पुरावाही आहे, आणि तो जबर आहे. १८९१ च्या कायद्याची अंमलबजावणी अत्यंत क्षीण राहिली. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२९ च्या आपल्या अहवालात हा कायदा लोकांना फारसा ठाऊकच नसल्याचे नमूद केले. त्याच वर्षी बालविवाह निर्बंध कायदा होऊन मुलीच्या विवाहाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले. १९७८ मध्ये ते अठरा आणि एकवीस झाले. एका कायद्यामागून दुसरा करावा लागला, ही गोष्ट कायद्याच्या बाजूची म्हणावी की विरुद्ध बाजूची? दोन्हीकडे ती ओढता येते, हे ओळखणे हीच परिपक्वता. 'कायद्याने सुधारणा होते' ही आरंभीची प्रतिज्ञा या पुराव्यापुढे तग धरीत नाही. तिला आवरते घ्यावे लागते: 'जिथे पीडित व्यक्ती स्वतः दाद मागू शकत नाही, तिथे कायदा सुधारणेची पुरेशी नव्हे, पण आवश्यक अट आहे.' ही प्रतिज्ञा पहिलीपेक्षा लहान आहे आणि कितीतरी बळकट आहे. विशेष म्हणजे मूळ विधानालाही तिने अंशतः मान्यता दिली आहे. ही मान्यता शेवटच्या परिच्छेदात उपचार म्हणून चिकटविलेली नाही. पुराव्याने ती लेखकाकडून वसूल करून घेतली आहे. समन्वय आणि निर्णय यांतला फरक हाच.

एवढे सारे परीक्षेच्या वेळात कसे बसावे, असा आक्षेप येईल. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची प्रश्नपत्रिका मराठीतूनही लिहिता येते. तीन तासांत हजार ते बाराशे शब्दांचे दोन निबंध, म्हणजे एकास नव्वद मिनिटे. अकराशे शब्द एका तासात लिहावयाचे तर मिनिटाला अठरा शब्द पडतात. सरावलेल्या हाताला हे कठीण नाही. उरलेल्या अर्ध्या तासातील वीस-पंचवीस मिनिटे कच्च्या पानावर खर्च करण्यात तोटा नाही, मात्र ती मुद्द्यांच्या यादीवर खर्च होऊ नयेत. पानाच्या वरच्या बाजूस संशय प्रश्नरूपाने लिहावा, त्याखाली पूर्वपक्ष, त्याच्या पुरस्कर्त्याला मान्य होईल अशा शब्दांत, त्याखाली त्यातले काय मान्य आहे ते, मग उत्तर, आणि प्रतिज्ञा सर्वांत शेवटी. निबंधात प्रतिज्ञा पहिल्या परिच्छेदात आली तरी चालेल, किंबहुना परीक्षकाच्या सोयीसाठी ती तिथेच यावी, परंतु कच्च्या पानावर ती आधी लिहिली की बाकीचे सगळे तिच्या सेवेस लागते. पूर्वपक्षाची जागा निबंधाच्या पहिल्या तृतीयांशात असावी. शेवटाकडे ढकललेल्या पूर्वपक्षाला उत्तर देण्यास जागाच उरत नाही, आणि उदाहरणे आधीच संपलेली असतात.

भाषेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. आगरकरांनी 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक लिहिले होते, ही गोष्ट त्यांच्या सामाजिक लेखांच्या चर्चेत सहसा कोणी काढीत नाही. परंतु मुख्य वाक्य कोणते, गौण कोणते आणि त्यांना जोडणारे अव्यय कोणता संबंध दाखविते, हे ज्याने असे बारकाईने तपासले त्याच्या गद्यात 'म्हणून' हा शब्द उगाच येत नाही. उत्तरपत्रिकांत तो फार उगाच येतो. 'तसेच', 'शिवाय', 'त्याचप्रमाणे' यांनी तर परिच्छेदच्या परिच्छेद एकमेकांना टेकविलेले असतात. परीक्षा सोपी आहे: दोन परिच्छेदांची अदलाबदल करून पाहावी. वरील निबंधात भांडारकरांचा परिच्छेद दंडसंहितेच्या आधी नेला, तर बाराच्या रेषेचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच त्याचे उत्तर येऊन बसते आणि वाचणारा अडतो. 'शिवाय'ने जोडलेल्या परिच्छेदांची अदलाबदल मात्र लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.