मिऱ्याचे अर्धे नाव

काही वर्षांपूर्वी एका तरुण लेखिकेने आपल्या अनुवादित कथेचे हस्तलिखित मजकडे तपासायला दिले होते. मूळ इंग्रजी कथेत सामना हरत आलेल्या पोरांकडे पाहून एक म्हातारा क्रिकेट-शिक्षक म्हणतो, यांना कुणीतरी 'पेप अप' करायला हवे. बाईंनी लिहिले होते, "अरे, या पोरांना जरा चेतवा रे कुणीतरी!" माझ्या हाती लाल पेन्सिल होती, आणि ती हाती आली की माणसाला आपण पंडित आहो असे वाटू लागते. मी ते वाक्य खोडून वर लिहिले, "या खेळाडूंचा उत्साह वृद्धिंगत केला पाहिजे." कथा तशीच छापून आली. परवा ती पुन्हा वाचताना त्या जागी मला ठेच लागली. म्हाताऱ्याच्या तोंडून एकाएकी सरकारी परिपत्रक बोलू लागले होते!

अर्थ चुकला होता असे कोणी म्हणणार नाही. बिघडला तो म्हातारा.

हा 'पेप' आहे तरी कोण? 'पेपर'चे, म्हणजे मिऱ्याचे (वर्तमानपत्राचे नव्हे), अर्धे तोडलेले नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन बोलीत ते रुळले आणि पुढे 'अप' जोडून त्याचे क्रियापद झाले. गंमत अशी की मूळ माल आपलाच. संस्कृत पिप्पली ग्रीक-लॅटिनमधून हिंडत इंग्रजीत 'पेपर' झाली आणि वाटेत पिंपळीचे नाव मिऱ्याला चिकटले. 'जिंजर अप'चेही तसेच. त्यातल्या आल्याचे नाते शृंगवेराशी, आणि त्याच्याही मागे दक्षिणेतला 'इंजि' उभा आहे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मात्र या आल्याचा इतिहास फराळाच्या ताटावर सांगण्याजोगा नाही. 1785 साली प्रथम निघालेल्या फ्रान्सिस ग्रोसच्या बाजारू इंग्रजीच्या कोशात घोडेविक्यांची एक युक्ती नोंदली आहे: मरगळलेल्या घोड्याच्या शेपटीखाली आल्याचा तुकडा सारायचा, की जनावर शेपूट उभारून नाचू लागते. पुढे हे आले राजकारणातही शिरले. कॅनडाच्या संसदेत 1924 साली एक बंडखोर गट निघाला, तो 'जिंजर ग्रुप' म्हणूनच ओळखला गेला.

मग मराठीतही सरळ मसाल्याचा डबा उघडावा काय? नाही. आपल्याकडे सुंठ-मिरे आजीबाईच्या बटव्यातच राहिले. सुंठेवाचून खोकला जातो, तिखटमीठ लागते ते दुसऱ्याच्या गोष्टीला, आणि मिरच्या झोंबतात त्या नाकाला. (मिरची तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आलेली पाहुणी, नावसुद्धा तिने मिऱ्याकडून उसने घेतले.) यांतल्या एकाही तिखटाने मराठी माणूस ताजातवाना होत नाही. त्याचा हुरूप चुलीपाशी आणि शेतात सापडतो. तो पेटून उठतो, चेततो, पावसानंतरच्या पिकासारखा तरारून येतो.

आणि त्या इवल्याशा 'अप'चे काय करायचे? इंग्रजी जे काम या शेपटाकडून करून घेते ते मराठी दुसऱ्या क्रियापदाकडे सोपवते. 'पेटून उठणे' यातले 'उठणे', 'तरारून येणे' यातले 'येणे', हेच आपले 'अप'. पण एक फरक राहतो, आणि अनुवादक अडखळतो तो तिथेच. आपल्याकडे तरतरी 'येते'. चहा घेतला की मला तरतरी येते, मी कुणाला ती करीत नाही. इंग्रजी मात्र समोरच्याला धरून हलवते. तेव्हा दुसऱ्यावर करायची क्रिया हवी, ती बोलीतली हवी, आणि म्हाताऱ्याच्या तोंडी शोभणारी हवी. अशी क्रियापदे आपल्याकडे फार नाहीत. बाईंनी नेमके त्यांतलेच एक उचलले होते. चूल चेतवतात, तशी पोरे चेतवायची!

बोलीला साहित्यात किती वाव द्यावा, हा वाद मी येथे उकरीत नाही. निवेदनात 'उत्साह वृद्धिंगत' खुशाल होवो. पण पात्र बोलू लागले की पेन्सिल खाली ठेवावी, एवढे मला त्या दिवशी सुचायला हवे होते.

त्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघणार असे ऐकतो. बाईंना मी पत्र टाकले आहे की तुमचे वाक्य जागेवर परत घाला. उत्तर अद्याप आलेले नाही.