बहुपडदा मांडणशिल्प आणि प्रेक्षकाची दृष्टी : नलिनी मलानी यांच्या 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग'च्या संदर्भात

प्रस्तावना :
चित्रपटगृहातील प्रेक्षक एका जागी बसून दिग्दर्शकाने ठरविलेल्या क्रमाने प्रतिमा पाहतो. बहुपडदा व्हिडिओ मांडणशिल्पात हा क्रम राहत नाही. एका दालनात अनेक पडदे एकाच वेळी चालू असतात. एकाकडे पाहताना दुसऱ्याकडे पाठ होते. काहीतरी निसटणे अटळ ठरते. हे निसटणे आशयाचा भाग होते काय, हा या कलाप्रकाराच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे.

विवेचन :
कराची येथे १९४६ साली जन्मलेल्या व फाळणीनंतर कुटुंबासह भारतात आलेल्या नलिनी मलानी यांची ही कलाकृती १९९८ सालची. त्या वर्षी मे महिन्यात भारताने पोखरण येथे व पाकिस्तानने चगाई येथे अणुचाचण्या केल्या. त्या पार्श्वभूमीवर ती साकारली व मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मांडली गेली. सआदत हसन मंटो यांच्या कथेतील बिशनसिंग दोन देशांच्या सीमांमधील, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जमिनीवर कोसळतो. मलानी यांनी प्रेक्षकाला नेमके तेथेच उभे केले आहे.

समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एका साडीची घडी घालू पाहतात. दोघींनी मिळून करावयाचे हे घरगुती काम येथे पूर्ण होत नाही, कारण मध्ये दालनाची पोकळी आहे आणि त्या पोकळीत प्रेक्षक आहे. दोघींना एकाच वेळी पाहणे त्याला शक्य नसते. मान वळवीत राहिल्याने फाळणी हा त्याच्यासाठी शारीरिक अनुभव होतो. जमिनीवरील पत्र्याच्या ट्रंकांतील छोटे पडदे पाहण्यासाठी त्याला वाकावे लागते. निर्वासितांच्या सामानात डोकावल्याचा संकोच त्यातून निर्माण होतो.

याउलट अणुस्फोटाची भव्य दृश्ये तुलनेने दुर्बल वाटतात. ती प्रेक्षकाच्या हालचालीवाचूनही पूर्ण आहेत. त्यांची भव्यता पाहणाऱ्याला दिपवते, परंतु गुंतवीत नाही.

निष्कर्ष :
पडद्यांची संख्या वाढल्याने दृष्टी आपोआप बदलत नाही. पडद्यांमधील अंतराला अर्थ लाभला तरच ती बदलते. म्हणूनच अशा कलाकृतीचे एकपडदा चित्रण वर्गात दाखविणे अपुरे ठरते, कारण त्यात साडी दिसते, पण मधली पोकळी दिसत नाही. अध्यापनात दालनाचा आराखडा व प्रेक्षकाचे स्थान यांची चर्चा प्रथम होणे आवश्यक आहे.