शोकचित्र आणि त्याची प्रतिकृती

दिवंगत व्यक्तीच्या चित्रात शोक नेमका कोठे असतो? रंगविलेल्या पटावर, की तो पट ज्या भिंतीवर टांगला आहे त्या भिंतीच्या अवतीभवती? मूळ चित्रापुढे हा प्रश्न सहसा पडत नाही. त्याची हाताने रंगविलेली प्रतिकृती समोर आली की तो टाळता येत नाही. सतराव्या शतकातील इंग्रजी शोकचित्रांच्या प्रतिकृतींविषयी बोलताना ‘हुबेहूब’ हा एकच शब्द आपण पुरेसा मानतो. माझ्या मते येथे तो फारच तोकडा पडतो.

जॉन सूच या चित्रकाराने १६३५ च्या सुमारास काढलेले, आज मँचेस्टरच्या कलासंग्रहालयात असलेले चित्र घ्यावे. सर टॉमस ॲस्टन पत्नीच्या मृत्युशय्येजवळ उभे आहेत. पत्नी प्रसूतीत गेलेली. काळ्या वस्त्राने झाकलेल्या पाळण्यावर कवटी ठेवलेली आहे. परंतु ही पत्नी चित्रात दोनदा येते: एकदा शय्येवर निष्प्राण आणि एकदा, त्याच खोलीच्या कोपऱ्यात, जिवंत बसलेली. आकृती ताठर आहेत, यथादर्शन डळमळीत आहे, माणसामाणसांत हवा खेळायलाही जागा नाही. १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेने जी वास्तवदर्शी शिस्त आपल्याकडे रुजविली, तिच्यात वाढलेल्या नक्कलकाराचा हात हे सारे ‘नीट’ करण्यासाठी शिवशिवल्यावाचून राहणार नाही. आणि तेथेच त्याची फसगत होते. ती दाटी हा केवळ कौशल्याचा अभाव नव्हे. विधुराच्या मनात असलेली आणि नसलेली स्त्री एकाच वेळी, एकाच खोलीत वावरते. तिला दोन काळांत वाटून देणे त्याला जमत नाही. नक्कलकाराने अंतरे सुधारली, तर खोली मोकळी होईल आणि दुःखही तिच्यातून निघून जाईल.

व्हॅन डाइक या फ्लेमिश चित्रकाराने काढलेल्या व्हेनिशिया डिग्बीच्या चित्रात धोका नेमका उलटा आहे. १६३३ च्या मे महिन्यात ती झोपेतच गेली आणि पती सर केनेल्म डिग्बी याने चित्रकाराला तातडीने बोलावून घेतले. मस्तक हातावर टेकलेले, पलंगाच्या कडेशी पाकळ्या गळू लागलेला गुलाब. पाहणाऱ्याला ती निजलेली वाटते. गडकऱ्यांच्या ‘राजहंस माझा निजला’ मधील माता मृत बाळाला निजलेले समजते, तेव्हा वाचकाला सत्य ठाऊक असते. त्या दोन जाणिवांच्या ओढाताणीतच कवितेचा प्राण आहे. येथे ते सत्य सांगण्याचे काम तो गुलाब आणि कातडीचा किंचित बदललेला वर्ण एवढेच करतात. प्रतिकृतीत गालांवर थोडी अधिक लाली आली की उरते ती एक सुंदर निद्रिस्त स्त्री, दिवाणखान्यात शोभेल अशी. डिग्बी मात्र हे चित्र रात्री शय्येजवळ ठेवून मेणबत्तीच्या उजेडात पाहत असे.

तरीही या इंग्रजी चित्रांच्या बाबतीत एक गोष्ट नक्कलकाराच्या बाजूची आहे: मृत्यू चौकटीच्या आत आहे. कवटी, काळे वस्त्र, गुलाब यांची नक्कल करता येते. आपल्याकडे तसे नाही. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेरच्या प्रतिमागृहात शिरतो. फुलांची सजावट पाहून त्याला ते देवालय वाटते. दिलीप, रघू, अज यांच्या पलीकडे पित्याची मूर्ती दिसते, तरी ती मूर्ती त्याला काहीच सांगत नाही. जिवंतांच्याही प्रतिमा येथे ठेवतात काय, असे त्याला देवकुलिकाला विचारावे लागते. ‘नाही’ या उत्तरातून त्याला पितृनिधन कळते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजकुळाचे असेच प्रतिमागृह होते. मूर्ती नष्ट झाल्या. पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली.

भरताला जे कळले नाही, तेच आपल्या घरातील तैलचित्रांतही कळत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींभोवती वसलेले नंदिनी नगर घ्या. १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच प्रांतात होते; त्यामुळे विदर्भातील मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हता. धाकटा भाऊ नोकरीसाठी अशा वसाहतीत येतो, वडिलांचे तैलचित्र थोरल्याकडे मूळ घरी राहते आणि क्वार्टरसाठी त्याची नक्कल करून घेतली जाते. मूळ चित्रही छायाचित्रावरूनच काढलेले. म्हणजे ही नकलेची नक्कल. वडील फेटा बांधून, डोळे उघडे ठेवून समोर पाहत आहेत. ते गेले हे सांगणारा चंदनाचा हार, काचेवरील गंधाचा ठिपका, तिथीच्या दिवशी पुसलेली धूळ हे सारे चौकटीबाहेरचे. नक्कलकाराकडे चित्र सोपविण्यापूर्वी काढून ठेवलेले. त्याच्या हाती येतो तो एक जिवंत मनुष्य. त्याने कितीही इमानाने काम केले, तरी शोक मूळ घराच्या भिंतीवरच राहतो. नव्या चित्राला तो क्वार्टरमध्ये, पहिल्या श्राद्धाला हार चढल्यावर मिळतो. आणि नाक थोडे चुकले आहे, अशी कुरबुर घरातल्या वडीलधाऱ्या बाईने त्या दिवशीही केलेली असते.