'सूरज' : एक फसलेलें रूपांतर

चित्रकथेसारख्या विषयास या मासिकाचीं पानें कां द्यावीं, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. निदान आमच्या बीड जिल्ह्यांत हा प्रश्न शोभत नाहीं. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. लांबलचक कापडावर अक्षरें आणि आकृत्या शेजारीं शेजारीं मांडून पंचीकरणासारखा गहन विषय त्या पुरुषानें लोकांपुढें ठेवला. अक्षर व चित्र यांचा संसार आमच्याकडे जुना आहे. जपानांत या संसारास मांगा म्हणतात, आणि तेथें तो वाङ्मयाच्या ओसरीवर नव्हे, माजघरांत नांदतो.

प्रस्तुत विषय 'सूरज : द रायझिंग स्टार' ही चलच्चित्रमालिका आहे. डिसेंबर २०१२ पासून ती कलर्स वाहिनीवर हिंदींत दाखविली गेली. तिचें मूळ 'क्योजिन नो होशी'. इक्की काजिवारांची कथा व नोबोरू कावासाकींचीं चित्रें असलेली ही बेसबॉलची मांगा १९६६ ते १९७१ या वर्षांत 'शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकांत प्रसिद्ध होत होती. तिचे प्रकाशक कोदान्शा, आणि तिच्यावरून पहिली चलच्चित्रमालिका काढणारी टीएमएस ही संस्था, या दोघांनीं मिळून बेसबॉलच्या जागीं क्रिकेट व जपानच्या जागीं मुंबई घातली. एवढे नामांकित हात लागल्यावर अपेक्षा वाढावी हें स्वाभाविकच होतें. मालिका होऊन दशक उलटलें. नुकतीच ती आम्हीं पुन्हा पाहिली, आणि पहिल्या वेळची निराशा कमी झाली नाहीं.

मूळ कथेचा प्राण बाप हा आहे. इत्तेत्सु होशी एके काळचा खेळाडू. युद्धांत खांदा जायबंदी झाला, आणि पुढें मजुरी नशिबीं आली. आपलें हुकलेलें आयुष्य तो मुलाच्या हातून वसूल करूं पाहतो. पोराच्या अंगावर पोलादी स्प्रिंगांचें जोखड चढवितो. कथेच्या शेवटीं ह्युमाचा डावा हात कायमचा निकामी होतो, आणि त्या वेळीं तोच बाप समोरच्या संघाचा शिक्षक असतो. हें क्रौर्य आहे. त्यास आम्ही आदर्श म्हणणार नाहीं. परंतु १९४५ च्या पराभवांतून उठलेल्या राष्ट्रानें आपल्या मुलांकडून काय काय मागून घेतलें, त्याचा तो जमाखर्च आहे. म्हणून तो वाचवत नाहीं आणि टाकवतहि नाहीं.

'सूरज'मध्यें सांगाडा तोच आहे. मुंबईच्या गरीब वस्तींतला मुलगा, कठोर बाप श्याम, सोसणारी बहीण, धनिकपुत्र प्रतिस्पर्धी विक्रम. आंखलेल्या पटावर एकहि घर रिकामें नाहीं. नाहीं तो काळ. श्यामचा हट्ट कोठून आला? मुलाच्या हाडांवर एवढा जुलूम करण्याइतकें त्याचें कोणी काय हिरावून घेतलें? याचें पटण्यासारखें उत्तर आम्हांस मिळालें नाहीं. आणि हें उत्तर मुंबईंतच पडलेलें होतें! जानेवारी १९८२ मध्यें गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख माणसें त्यांत उतरलीं. संप रीतसर मागें असा घेतलाच गेला नाहीं, आणि गिरणगांव मात्र विझत गेलें. त्या संपांत तारुण्य गमावलेला बाप, तोंडावरून धूर निघून गेलेली चिमणी आणि चाळीसमोरचा क्रिकेटचा खेळ, एवढें कागदावर घेतलें असतें तर इत्तेत्सूस तोडीचा मराठी भाऊ मिळाला असता. खेळाचें नांव बदललें, शहर बदललें. जखम मात्र बदलावयाची राहून गेली. गरिबी येथें पडद्यावर रंगविलेल्या देखाव्यासारखी मागें उभी आहे.

त्या देखाव्यांत सुझुकीची मोटार आणि एएनए कंपनीचें विमान आवर्जून दिसतात. जाहिरातदारांवाचून एवढा खर्चाचा उद्योग चालत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु उपाशी घराच्या कथेंत मोटारीची ओळख बापाच्या ओळखीपेक्षां ठळक व्हावी, याचा राग येतो.

आमच्या या रागास स्थानिक कारणहि आहे. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांच्या वाटेस लागतात, आणि त्यांच्याबरोबर मुलेंहि जातात. गरीब घर, खेळणारा मुलगा आणि लांबची वाट ही गोष्ट येथें कोणास सांगावी लागत नाहीं. आष्टी तालुक्यांतील मांडव्याच्या अविनाश साबळ्यानें लहानपणीं शाळेसाठीं रोज मैलोगणती पायपीट केली. पुढें तो सैन्यांत गेला, सियाचीनला राहिला, आणि २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत तीन हजार मीटर अडथळा-शर्यतींत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत धांवून रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण त्याला सेकंदाच्या शंभरांश पांचानें चुकलें. या धांवण्यांत जादूचा चेंडू नाहीं. आमचीं मुलें तें पाहतात, आणि मग 'सूरज'मधील चमत्कारिक चेंडू पाहून हंसतात. त्यांस मूळ मांगांतील चमत्कारहि मान्य होते, ही गोष्ट मात्र येथें नोंदविली पाहिजे. कारण तेथें चेंडूची किंमत हातानें चुकविलेली असते.

एक गोष्ट मनापासून आवडली. पोलादी स्प्रिंगांच्या जागीं येथें सायकलच्या जुन्या ट्यूबा आल्या आहेत. पंक्चरवाल्याच्या दुकानापुढें फाटक्या ट्यूबांवरून भांडणाऱ्या कोणत्याहि मुलास हें दृश्य तात्काळ पटेल. असें आणखी चार ठिकाणीं सुचलें असतें तर आम्हांस एवढें लिहावें लागलें नसतें.