ओला रस्ता आणि पटवर्धनांची माणसे

मुंबईच्या कलादालनांत शहरावरच्या चित्रांना तोटा नाही. काळी-पिवळी टॅक्सी, ओला रस्ता, त्यात सांडलेले दिवे, मागे व्हीटीचा घुमट. जलरंगावरची हुकमत अनेकदा दाद देण्यासारखी असते. माणसे मात्र छत्रीखाली, पाठमोरी, बिनचेहऱ्याची. ती पुसून टाकली तरी चित्राचे फारसे बिघडत नाही. शहरी जीवनाचे चित्र म्हणून आपण भिंतीवर टांगतो ते बहुतेक वेळा हवामानाचे चित्र असते.

सुधीर पटवर्धनांच्या चित्रातून माणूस असा पुसता येत नाही. १९७७ मधले ‘इराणी रेस्टॉरंट’ घ्या किंवा १९८० मधले ‘ट्रेन’. माणसाचे शरीर तिथे जड आहे, जागा व्यापून आहे, आणि त्या जडपणातच दिवसभराची मजुरी दिसते. पटवर्धनांना डाव्या विचारांची ओढ होती, तरी त्यांचा कामगार मूठ उगारून उभा राहत नाही. तो बसतो, ताटकळतो, घरी निघतो. भित्तिपत्रकातल्या कामगारापेक्षा हा अधिक खरा, म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारा.

१९४९ चा पुण्याचा जन्म, तिथेच वैद्यकीय शिक्षण, मग १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट. कलाशाळेची पायरी त्यांनी चढलेली नाही. (क्ष-किरणांमुळे ते माणसाच्या ‘आत’ पाहतात, हे वाक्य समीक्षकांनी आता थांबवावे; डॉक्टर स्वतः २००५ मध्येच व्यवसायातून बाहेर पडले.) मला त्यांचे ठाणेकर असणे जास्त मोलाचे वाटते. मुंबईचे चित्रकार समुद्राकडून शहर पाहत आले. पटवर्धनांनी ते खाडीकाठून, रेल्वेपूल आणि नाल्याकाठच्या वस्तीतून पाहिले.

१९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि विवान सुंदरम यांच्याबरोबर तेही होते. अमूर्ताचा दबदबा असलेल्या त्या काळात माणसाची आकृती आणि तिची गोष्ट हे प्रदर्शन ठामपणे पुढे आणत होते. सहाही जणांच्या वाटा पुढे फाकल्या. रस्ता सोडला नाही तो पटवर्धनांनी. चित्रकार गीव्ह पटेल यांचे ‘ऑफ लॅमिंग्टन रोड’ हे त्याच जातकुळीचे महत्त्वाचे चित्र. पटेलही डॉक्टरच, पण त्यांची चित्रकला पुढे विहिरीच्या पाण्यात डोकावत राहिली.

१९८४ मधले ‘टाउन’ हे मला या साऱ्या प्रवासाचे शिखर वाटते. तिथे नजर एका जागी थांबत नाही. एक कोपरा वरून दिसतो, दुसरा समोरून, आणि शहर कॅमेऱ्यात मावेल तसे न राहता पायी हिंडणाऱ्याच्या आठवणीत साठते तसे उलगडते. गर्दी आहे, पण गर्दीतला प्रत्येकजण आपापल्या कामात आहे.

२००१ च्या ‘लोअर परळ’पर्यंत गिरणगावाचा जमाना सरला होता. १९८२ च्या गिरणी संपाने सुरू झालेली पडझड इमारतींच्या उंचीत मोजता येत होती. पटवर्धनांच्या चित्रांतही बांधकाम वाढत गेले आणि माणसे आक्रसली. शहराचेच तसे झाले, हे खरे. पण २०१४ चे सात फलकांचे ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’ पाहताना या स्पष्टीकरणाने समाधान होत नाही. मुंबईचा इतिहास तिथे इतका शिस्तीत मांडला आहे की विषय आधी ठरला आणि माणसे मागाहून बोलावली, असे वाटते. ‘ट्रेन’मधला प्रवासी कशाचाही प्रतिनिधी नव्हता.

२०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. त्याच्या दशकभर आधी ‘विस्तारणारी क्षितिजे’ या उपक्रमातून पटवर्धनांनी समकालीन भारतीय चित्रे महाराष्ट्राच्या शहराशहरांत नेली होती. आता त्यांची स्वतःची चित्रे तशी फिरवावीत. ‘टाउन’ पाहायला सोलापूरकराने कुलाब्यापर्यंत का यावे?